बिंगी मॅडमचा तळहात

आमच्या एमबीएच्या मुलांनी शिक्षकांविषयी भरून द्यायचे अभिप्रायाचे फॉर्म मी एका रविवारी दुपारी घरी बसून स्वतःच भरले. सगळ्याच्या सगळे. आणि त्यात सर्वांत कमी गुण मी मलाच दिले.

यातला पहिला भाग समजण्यासारखा आहे. फॉर्म वाटण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिलं सत्र संपताना ते वाटायला मी विसरलो, मुलं परीक्षा देऊन सुट्टीला गेली आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या कपाटात तसाच राहिला. आमचं विद्यापीठ खासगी, सोलापूर शहराबाहेर माळावरचं. त्याची पाहणी करून ग्रेड द्यायला बाहेरून समिती येणार होती आणि त्याआधी सगळा मजकूर पोर्टलवर चढवायचा होता. फॉर्मवर नाव लिहायचं नसतं, ही त्या दुपारी मला देवाची कृपा वाटली.

दुसऱ्या भागाला मात्र डोकं लागलं. सगळ्याच शिक्षकांना 'उत्कृष्ट' दिलं तर संशय येणार. कुणाला तरी कमी द्यायला हवं. सहकाऱ्यांना द्यावं तर उद्या त्यांच्यासोबत डबा खायचा असतो. डायरेक्टर साहेबांना तर मी डोळे मिटून पैकीच्या पैकी दिले होते. उरलो मी. चोर काही स्वतःच्या घरात चोरी करत नाही, तेव्हा स्वतःला कमी देणाऱ्यावर कोण संशय घेईल, असा माझा बिनतोड हिशेब. चार रंगांची पेनं घेतली. काही फॉर्म डाव्या हातानं भरले. एकावर चहा शिंपडला, खरा वाटावा म्हणून. आणि हळूहळू रंगात आलो. 'सर विषय सोडून बोलतात.' 'सरांचे विनोद जुने आहेत.' 'सर फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच हसतात.' बायको चहा ठेवायला आली तर म्हणाली, "काय लिहिताय एवढं खूश होऊन?"

आठवड्यानं डायरेक्टर साहेबांनी बैठक बोलावली. संगणकानं फॉर्मांची बेरीज करून प्रत्येक शिक्षकाच्या नावाचा एक उभा खांब पडद्यावर काढला होता. साहेबांचा खांब छताला टेकलेला. माझा इतका ठेंगणा, की आधी मला तो पडद्यावरचा डाग वाटला.

"समितीला नुसते अभिप्राय चालत नाहीत," साहेब म्हणाले. "त्यावर काय कृती केली ते दाखवावं लागतं. आणि आता ती कुणावर करायची हे तर स्पष्टच दिसतंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कंत्राटी. माझा करार दर उन्हाळ्यात नवा होतो, किंवा होत नाही. डाव्या हातानं, चार रंगांत, मीच मला नोकरीवरून काढून टाकलं होतं. 'फॉर्म खोटे आहेत' म्हणावं, तर खोटे केले म्हणून जाणार. गप्प बसावं, तर नालायक म्हणून जाणार. समोरचा समोसा तसाच राहिला.

त्या बैठकीत आणखी एक व्यक्ती माझ्याकडे बघत होती. बाकीचे कीव करून बघत होते. ही तपासून बघत होती. तिच्याविषयीच मला लिहायचंय.

गुणवत्ता कक्ष म्हणजे क्वालिटी सेल, आणि क्वालिटी सेल म्हणजे बिंगी मॅडम. ठेंगणी बांधणी, इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा छोटा गजरा. आवाज कधी वर गेला नाही. तो गेला असता तर बरं झालं असतं, निदान दुरून कळलं असतं. त्या दारात येऊन उभ्या राहत आणि आपण मान वर केली, की एकच शब्द म्हणत, "पुरावा?"

तुम्ही औद्योगिक सहल नेली म्हणता, पुरावा? पाहुण्याचं व्याख्यान झालं म्हणता, पुरावा? एकदा दुपारी मला चेव आला. त्या डबा खाऊन हात धूत होत्या. मी विचारलं, "मॅडम, जेवण झालं?" म्हणाल्या, "झालं." मी म्हटलं, "पुरावा?" त्यांनी शांतपणे डबा उघडून रिकामा माझ्यापुढे धरला. हसल्या नाहीत. वर म्हणाल्या, "भात होता. त्याचा पुरावा राहिला नाही, चमच्यानं पुसून घेतला." त्यानंतर मी चेव आवरता घेतला.

त्यांची दुसरी सवय म्हणजे तळहात. कुणी कागद पुढे केला की त्या आधी वाचत नसत. उजवा तळहात त्यावरून सावकाश फिरवत, वरून खाली, कडेपर्यंत. मग वाचायला घेत. माणसाला घाम फुटायला तेवढा वेळ पुरेसा असे. आमचा शिपाई मल्लप्पा मूळचा मैंदर्गीचा, घरी कानडी बोलणारा. तो म्हणायचा, "मॅडम कागदाचा ताप बघायलेत, सर."

मागच्या वर्षी डायरेक्टर साहेबांनी वृक्षारोपण केलं. हल्ली फोटोत जागेचा पत्ता आपोआप उमटवून घ्यावा लागतो, त्याशिवाय पुरावा धरत नाहीत. तसा फोटो काढून मॅडमकडे गेला. त्यांनी त्याच्यावरून तळहात फिरवला, कपाटातून आदल्या वर्षीचा फोटो काढून शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "जागा तीच, खड्डा तोच, शर्टसुद्धा तोच. पण झाड वर्षभरात लहान झालंय, साहेब." साहेब म्हणाले, "अहो, आधीचं वाळलं." मॅडम म्हणाल्या, "मग 'एक झाड वाळलं, दुसरं लावलं' असं लिहू. पाणी घालायची जबाबदारी कुणाची तेही लिहू." साहेबांनी फोटो परत मागून घेतला. त्या दिवसापासून साहेबही त्यांच्या खोलीवरून जाताना पावलं न वाजवता जात.

अशा बाईंनी माझा गठ्ठा मागवला.

"सर, मॅडम बोलवायलेत," मल्लप्पा दारात म्हणाला. आणि माझं तोंड बघून, "पाणी आणू का?" माझी घरची बाटली माझ्याजवळ होती. ती छातीशी धरून मी गेलो.

मॅडमनी बसा म्हटलं नाही. गठ्ठा समोर होता. वरच्या फॉर्मवर त्यांनी तळहात ठेवला, फिरवला. मग त्याखालच्या. मग त्याखालच्या. पंखा फिरत होता आणि मला तो पंखा ऐकूच येईना, एवढा मी माझाच श्वास ऐकत होतो.

"माने सर, हे फॉर्म कुठं भरून घेतले?"

"वर्गात."

"आपला पाण्याचा कूलर कधीपासून बंद आहे?"

मला वाटलं, विषय बदलला. हुरूप आला. "दिवाळीच्या आधीपासून, मॅडम. मी दोनदा सांगितलं होतं—"

"इथं शेवटी एक रकाना आहे. 'सोयींविषयी सूचना'. दोन्ही वर्षांच्या मुलांतल्या एकानंही कूलर लिहिलेला नाही." त्यांनी मान वर केली. "हे सोलापूर आहे, सर. इथं मेलेला माणूससुद्धा आधी पाणी मागेल."

"मुलं समजूतदार आहेत," मी म्हणालो.

"मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या दाराला कडी नाही. एक आत गेली की दुसरी बाहेर राखण बसते. हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही बुवा."

"तेच. वर्गात निम्म्या मुली, आणि एकीनंही लिहिलं नाही. म्हणजे भरणारा पुरुष आहे." त्यांची नजर माझ्या छातीशी गेली. "आणि तो पाण्याची बाटली घरून आणतो."

बाटली लपवायला जागा नव्हती. तरी मी ती मागे धरली.

"आणि हा डाग. सांडलेला चहा ओघळतो, सर. हा शिंपडलाय. देवाला पाणी शिंपडतात तसा."

मी वाट बघत होतो की आता ओरडतील, आता साहेबांना फोन लावतील. त्यांनी गठ्ठा सारखा केला, त्याला दोरी बांधली आणि म्हणाल्या, "जा." बस. 'जा' म्हणजे वर्गात जा, की घरी जा, की करकंबला जा, हे कळायला मार्ग नव्हता. करकंब माझं गाव. त्याच आठवड्यात तिथून वडिलांचा फोन आला होता, "काय रं, कायम झालास का न्हाय आजून? मी हितं बाजारात समद्यांना सांगून बसलोय, पोरगं युनिवर्सिटीत सायेब हाय म्हून. तोंडावर पाडू नको बरं का." मी म्हटलं, "व्हय, आण्णा, होतंय की."

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. या वेळी खुर्ची दाखवली. मी कडेला टेकलो.

"मुलं सोमवारी सुट्टीवरून येतात. फॉर्म पुन्हा भरून घ्यायचे. खरे. तुम्ही त्या मजल्यावर दिसायचं नाही."

"पण मॅडम, पोर्टलवर तर चढलेत."

"ते रद्द झाले असं लिहायचं. का रद्द झाले तेही."

"म्हणजे माझं नाव..."

"नाव मला कुणी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं तर बघू."

ते 'बघू' मी पुढे कितीतरी दिवस उशाला घेऊन झोपलो.

डायरेक्टर साहेबांना हे समजलं तेव्हा मी त्यांच्या खोलीत दुसऱ्या कामासाठी उभा होतो. त्यांनी मला बाहेर जा म्हटलं नाही. कंत्राटी माणूस म्हणजे खोलीतलं कपाट.

"बिंगी मॅडम, समिती तोंडावर आलीय. चढलेलं खाली घ्यायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं. ग्रेड घसरली तर पुढच्या वर्षी ॲडमिशन्स कुठून आणणार? आणि ह्या पोरांचे करार?" इथं त्यांनी माझ्याकडे, म्हणजे कपाटाकडे, बोट केलं.

"खाली घेतलं नाही तर मी सही करणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"सही करणारा दुसरा बघता येतो."

"येतो की," मॅडम म्हणाल्या. "तेवढे दिवस आहेत का तुमच्याकडे?"

साहेबांनी ड्रॉवरमधून रक्तदाबाची गोळी काढली. पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं. शेवटी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं.

सोमवारी फॉर्म भरून घेतले, तेव्हा मी खालच्या मजल्यावर जिन्याखाली उभा होतो. वरून मुलांचा आवाज येत होता. मध्येच मुलं मोठ्यांदा हसली. कशाला हसली असतील? शिक्षकाला वर्गातलं हसणं नेहमी आपल्याच पाठीमागचं वाटतं, आणि बहुतेक ते तसंच असतं. मल्लप्पा शेजारून गेला. म्हणाला, "सर, वर मुलं लई मन लावून लिहायलेत." हे ऐकून मी भिंतीला टेकलो.

निकाल मॅडमनी आधी मला दाखवला. कूलर होता, पानोपानी कूलर. एकानं लिहिलं होतं, 'पाणी नाही, मग मॅनेजमेंट कसलं शिकवायलेत बे?' कडीही होती, एका सुवाच्य अक्षरात, तारीख घालून. पंखा होता, वायफाय होतं, आणि मीही होतो. 'माने सर गोष्टी लई भारी सांगतात, पण परीक्षेत त्या येत नाहीत.' 'सरांनी आधी स्वतः पुस्तक वाचावं.' मी माझ्याविषयी खोटं म्हणून जे जे लिहिलं होतं, ते ते मुलांनी खरं म्हणून लिहिलं होतं. जुन्या विनोदांसकट. आणि खांबांच्या रांगेत मी खालून दुसरा.

"दुसरा?" मला आनंद लपवता येईना. "मग खालून पहिला कोण?"

मॅडमनी बोट ठेवलं. साहेब. ते एकच विषय शिकवत, 'नेतृत्व'. आणि वर्गावर जातच नसत. मुलांनी त्यांच्या रकान्यात 'उत्कृष्ट' की 'बरे' यातलं काहीही न निवडता कडेला लिहून ठेवलं होतं, 'पाहिले नाहीत.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोट्या फॉर्मात छताला टेकलेला खांब खऱ्यात जमिनीला लागला होता, आणि हे खरे फॉर्म मॅडम वर चढवणार होत्या.

"मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"जा, वर्ग आहे तुमचा," त्या म्हणाल्या.

वर्गात गेलो आणि पाच मिनिटांत दार उघडलं. मॅडम आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या, वही काढली. 'कृती' सुरू झाली होती. अभिप्रायावर करायची कृती म्हणजे माणूस काढणं नव्हे, त्याला बघणं, असा त्यांनी अर्थ लावला होता. मला वाटतं, काढलं असतं तर कमी हाल झाले असते. मी तोंड उघडलं की त्यांची मान वर यायची. विनोद सांगायला गेलो की पेन थांबायचं. एकदा मी उदाहरण म्हणून करकंबच्या बाजारातली गोष्ट सुरू केली, तर मागून शांत आवाज आला, "सर, हे कोणत्या प्रकरणात येतं?" वर्ग खदखदून हसला. मी प्रकरण शोधायला पुस्तक उघडलं, तर ते उलटं धरलं होतं. असे दिवस गेले. मी घरी पुस्तक वाचायला लागलो. बायकोला वाटलं, माझं बाहेर काहीतरी बिनसलंय.

एकदा वर्ग सुटल्यावर त्या बाकावर तशाच बसून राहिल्या. मी धीर करून विचारलं, "ती तळहाताची सवय कुठून, मॅडम?"

"नायनांची," म्हणाल्या. वडिलांना त्या नायना म्हणत. शहराच्या पूर्व भागातलं त्यांचं घर, घरात तेलुगू, गल्लीत कापड विणायच्या मागांचा खडखडाट. नायना टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला होते. टॉवेल पसरायचा, तळहात फिरवायचा, तुटका धागा हाताला लागला की तिथं खडूनं खूण करायची. "डोळा फसतो, हात फसत नाही म्हणायचे. एकदा मालकाच्या माणसानं सांगितलं, घाई आहे, जाऊ दे हा माल. नायनांनी खुणा केल्या नाहीत. माल परत आला. दोष कुणाचा, तर मागावरच्या माणसाचा, असं मालक म्हणाले. तो आमच्याच गल्लीत राहायचा. त्याला काढलं. नायना गप्प बसले." त्या उठल्या, साडी सारखी केली. "नंतर त्या गल्लीतून जाताना ते मला पुढे चालायला लावायचे. आठवी-नववीत असेन मी. त्यांना वाटायचं, पोरगी पुढे असली की कुणी काही बोलणार नाही."

एवढं बोलून त्या गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

मार्च लागला. ऊन माळावर नुसतं उभं राहिलं. समितीच्या स्वागताला पुढच्या पायऱ्यांना आदल्या रात्री रंग दिला, तो वाळला नाही, म्हणून आम्ही सगळे मागच्या दारानं ये-जा करत होतो. समिती आली त्या सकाळी मी आतल्या जिन्यावरून जाताना मॅडम वळणावर दिसल्या. कानाला फोन होता. रोज दुपारी त्या घरी आईला फोन करून विचारत, "अम्मा, तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. मला तेलुगूतला तेवढाच शब्द येतो. आज सकाळीच विचारत होत्या, आणि आवाज चिरकत होता. फोन ठेवला. दुसरा तळहात भिंतीवर होता, तो वरून खाली, वरून खाली फिरत होता. भिंतीच्या नव्या चुन्याची पावडर हाताला लागत होती.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

"भीती वाटतेय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"का? भीतीची मक्तेदारी तुमच्याकडेच आहे का? रोज वाटते. बसमधून उतरले की वाटते. काय सुटलं असेल, कोण अडकेल. आईचं औषधपाणी ह्या पगारावर आहे आणि ह्या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?" त्यांनी हात झटकला. "तुम्ही भीतीनं खोटं केलंत. मी भीतीनं तपासते. चला, आत बोलावलंय."

लांब टेबल. पलीकडे समिती, मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या भुवया. अलीकडे साहेब, मॅडम आणि कडेला आम्ही कपाटं. अध्यक्षांनी पानं उलटता उलटता थांबून विचारलं, "हे अभिप्राय आधी चढवले, मग रद्द केले. का?"

साहेब टेबलावरचा गुच्छ नीट करू लागले.

"पहिले खोटे होते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून रद्द केले. दुसरे खरे आहेत."

बाहेर कुणीतरी ओल्या रंगात पाय घातला, तेही आत ऐकू आलं.

"खोटे कुणी भरले?"

विचारलं तर बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. विचारलं होतं. मॅडमचा तळहात कागदावर सपाट पडला होता, हलत नव्हता. मला दिसलं की बोटांची टोकं पांढरी झालीयत.

"तपासण्याचं काम माझं," त्या म्हणाल्या. "चढवण्याआधी तपासायला हवे होते, ते मी नंतर तपासले. चूक गुणवत्ता कक्षाची आहे."

त्या क्षणी मी उभा राहिलो. खरं सांगतो, कबूल करायलाच उभा राहिलो. खुर्चीला चाकं होती, ती मागे जाऊन भिंतीवर आपटली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. अध्यक्षांच्या भुवया वर. माझ्या डोळ्यांपुढे करकंबचा बाजार उभा राहिला, मध्यभागी आण्णा.

"मी... पाणी आणतो," मी म्हणालो.

आणि गेलो. कूलर अजून बंद होता. मल्लप्पानं कुठूनतरी बाटल्या आणल्या. मी ट्रे घेऊन परत आलो तेव्हा साहेब बोलत होते. "...आमच्या संस्थेत पारदर्शकता ही वरपासून सुरू होते. माझे स्वतःचे गुण सर्वांत कमी आले, तरी तेच अभिप्राय पुढे ठेवावेत असा मी आग्रह धरला." अध्यक्षांची मान डोलत होती. मॅडम समोरच्या कागदाकडे बघत होत्या. मी त्यांच्यापुढे ग्लास ठेवला. त्यांनी तो उचलून कागदापासून लांब ठेवला.

समिती गेली. ग्रेड होती तीच राहिली, आणि अहवालात 'संचालकांची अनुकरणीय पारदर्शकता' असं एक वाक्य आलं. ते साहेबांनी चौकट करून लावलं. उन्हाळ्यात माझा करार नवा झाला. कारण साधं होतं. खालून पहिल्याला हात लावल्याशिवाय खालून दुसऱ्याला हात लावता येत नव्हता. वडिलांना फोन केला. म्हणाले, "म्हंजे कायम का?" मी म्हटलं, "न्हाय, पण हाय."

मॅडमना साहेबांनी कक्षातून काढलं. शहरातल्या जुन्या इमारतीत परीक्षा विभागात पाठवलं, जुन्या उत्तरपत्रिका सांभाळायला. पत्रात कारण लिहिलं होतं, 'अनुभवाचा लाभ'.

शेवटच्या दिवशी त्यांचं सामान थोडकंच निघालं. डबा, दोन फाइली, टेबलफॅन. नव्या जागी पंखा नाही म्हणे. तो फॅन मी उचलला. मल्लप्पानं फाटकापाशी रिक्षा थांबवून ठेवली होती आणि रिक्षावाल्याला कानडीत काहीतरी दरडावत होता. बहुधा सावकाश ने म्हणून. ऊन इतकं होतं की फॅनचं लोखंड हाताला चटकत होतं. मॅडम आत बसल्या, फॅन मांडीवर घेतला, त्याच्या जाळीवर हात ठेवला.

मी खूप दिवस एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. आभाराचं. ते ऐन वेळी आलंच नाही. त्याच्याऐवजी तोंडातून निघालं, "मॅडम, तुम्ही एवढे दिवस मागे बसलात. आता मी बरा शिकवतो ना?"

त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. डोळे ओले होते की उन्हानं मिचकावत होत्या, मला कळलं नाही. रिक्षा सुरू झाली, तशा त्या बाहेर वाकल्या.

"शिकवायला तुम्ही बेताचेच, सर," त्या म्हणाल्या. "पण खोटं करायला त्याहून बेताचे. तेव्हा शिकवा गपचूप."